टेंगूळ

अभ्यासिकेचं शटर रात्री अकराला अर्ध्यावर येतं
आणि आम्ही वाकून बाहेर पडतो, रोजच.
सुमेधा त्या रात्री वाकली नाही.
ठण्ण.
सदाशिव पेठेतलं एक कुत्रं तेवढं दचकलं.

"काही नाही गं," म्हणाली, हसलीसुद्धा.
रक्त नाही, चक्कर नाही,
कपाळाच्या वर नुसतं टेंगूळ,
आधी सुपारीएवढं, मग लिंबाएवढं.
मेसच्या काकूंकडून बर्फ आणला, रुमालात धरला.
काकू म्हणाल्या, हळद लाव,
आणि काही झालं तरी झोपू देऊ नकोस.

मी लातूरला फोन लावला.
मावसबहीण सिस्टर आहे तिथे, नाइटला होती.
झोपू दे, म्हणाली. टेंगूळ दिसतंय ते दिसू दे,
तू दुसरंच बघ.
एकदा ओकली तर लक्ष ठेव, पुन्हा ओकली तर निघ.
डोकेदुखी वाढत चालली तर निघ.
एक बाहुली मोठी, एक बारीक,
कानानाकातून पाण्यासारखं काही,
बोलणं जड, हात लुळा, झटका, हलवूनही जाग नाही,
मग मला फोन करत बसू नकोस. रिक्षा बघ.
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का तिला?
नाही, म्हटलं. लोहाची आहे. तीही विसरते.
"बरं. आणि अधूनमधून उठवून काहीतरी विचार.
तिला झोपेतही येईल असं."

झोपेतही येईल असं!
पाच वर्षं आम्ही दुसरं केलंय काय?

एक वाजता: कलम दोनशे ऐंशी?
"वित्त आयोग. झोपू दे ना."
मोबाइलचा टॉर्च मारला,
दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसल्या.
शिवीही स्पष्ट दिली.

अडीच वाजता: पैनगंगेचा उगम?
बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाली, "आमच्या घरामागे."

मेहकरची आहे ती. नदी खरंच मागून जाते त्यांच्या,
उगम मात्र वर कुठेतरी, अजिंठ्याच्या रांगांत.
हे चूक धरायचं का बरोबर?
सिस्टरच्या यादीत
घरची आठवण नव्हती.

पावणेतीनला मोरीत ओकली.
वांग्याची भाजी, म्हटलं मी. माझंही पोट जड होतं,
म्हणजे असावं, असं मी ठरवलं.
"शटर लागलं का गं?"
लागलं.
पुन्हा ओकली. "शटर लागलं का?"
लागलं, सुमे.
तिनं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं
आणि अगदी नव्यानं विचारलं,
"शटर लागलं का?"

लक्ष्मी रोड एवढा रुंद आहे हे मला माहीत नव्हतं.
रिक्षावाले काका मीटर न टाकताच निघाले,
प्रत्येक गतिरोधकाला गाडी अशी हळू घेत
जणू मागे अंडी आहेत.
"घरी सांगू नकोस," ती खांद्यावरून म्हणाली,
"बाबा म्हणतील, बास झालं, परत ये."
हे मात्र तिनं एकदाच सांगितलं.

ससूनमधला डॉक्टर आमच्याच वयाचा,
डोळ्यांत आमच्यासारखंच जागरण.
एकदा ओकली तेव्हाच का नाही आलात, असं विचारेल वाटलं.
त्यानं नाव विचारलं. "सुमेधा वाकोडे."
वार? "मंगळवार."
बुधवार लागून साडेतीन तास झाले होते.
मी मनात बरोबरची खूण केली.
आत्ता कुठे आहात?
तिनं छताकडे पाहिलं.
"पुण्यात," म्हणाली. "अजून."

मग तिला आत नेलं, स्कॅनला,
आणि दारावरचा दिवा लाल झाला.
माझ्या हातात तिची चप्पल, तिची टिकली, एक फॉर्म.
त्यात एक रकाना होता, रुग्णाशी नाते.
खाली चार पर्याय नव्हते.
मी लिहिलं,
शेजारची कॉट.